शिशाच्या पेट्रोलवरची शनिवारची सहल

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींत विमान चालवणारा माणूस आता अप्रूपाचा राहिलेला नाही. गणपतीला जमलेल्या घोळक्यात एखाद-दुसरा तरी असा निघतोच. आठवडाभर कोड लिहितो, आणि शनिवारी सकाळी बायको-मुलांना घेऊन चार आसनी सेसना १७२ मधून कुठेतरी जेवायला जातो. ही अब्जाधीशांची चैन नव्हे. त्यांची जेट विमानं वेगळी आणि त्यांच्याबद्दलचा राग वेगळा. इथे विमान क्लबचं, तासाच्या भाड्याचं, अनेकदा पायलटच्याच वयाचं असतं. लायसन्ससाठी कायद्याने किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरंच जास्त. दोन वर्षं सुट्ट्या आणि बोनस त्यात घालवल्यावर घरच्यांना काहीतरी दाखवावं लागतं, म्हणून मग सहली.

त्या सहलींची मजा खोटी नाही. ईस्ट सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून कोलंबियाला जायला पाऊण तास ते तास लागतो. तेच अंतर गाडीने अडीच तासांचं, तेही रस्ता मोकळा असेल तर. कोलंबिया म्हणजे सोन्याच्या शोधात वसलेलं जुनं गाव. आता तिथे स्टेट पार्क आहे आणि विमान लावून चालतच गावात शिरता येतं. हाफ मून बे तर डोंगर ओलांडला की आलंच, फक्त समुद्रावरून येणारं धुकं धावपट्टी झाकून बसलं नसेल तर. हॅरिस रँचला हमरस्त्याच्या कडेला धावपट्टी आणि तिच्या कडेला हॉटेल. शुक्रवारी संध्याकाळी टाहो सरोवराकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत चार-पाच तास काढलेल्या माणसाला वरून ती रांग बघायला मिळाली, तर त्याला जो आनंद होतो तो फारसा सात्त्विक नसतो, पण होतो.

खर्च वाटून घ्यायची मुभा आहे. खासगी पायलटला भाडं घेता येत नाही, पण पेट्रोल, विमानाचं भाडं आणि विमानतळाचं शुल्क यांतला आपापला वाटा प्रवासी देऊ शकतात. अडचण पैशांपेक्षा वजनाची. टाक्या भरल्या की या विमानात साधारण तीन मोठी माणसं मावतात. चौथी सीट असते, चौथं माणूस चालत नाही. त्यामुळे पुण्याहून आलेल्या सासूबाईंना निघण्याआधी वजन विचारण्याचा प्रसंग जावयावर येतो, आणि विमानविद्येच्या कुठल्याही परीक्षेत याची तयारी करून घेत नाहीत.

मी स्वतः पायलट नाही. उजव्या सीटवर बसून या सहली केल्या आहेत आणि पुढेही करीन. हे छोटे विमानतळ बंद व्हावेत असं मला वाटत नाही. पण ही विमानं ज्या पेट्रोलवर उडतात त्यात शिसं असतं, आणि त्याचं समर्थन मला करता येत नाही. आपल्या कुटुंबाच्या सहलीचा एक भाग दुसऱ्याच्या मुलांच्या रक्तात उतरत असेल, तर ‘पर्याय येईपर्यंत थांबा’ हे म्हणायचा अधिकार सहलीला जाणाऱ्याचा नाही. पायलट मंडळींच्या संघटनांनी गेली कित्येक वर्षं हेच म्हणत राहून स्वतःचंही नुकसान करून घेतलं आहे, असं माझं मत आहे.

शिशाचं पेट्रोल म्हटलं की आपल्याला इतिहास आठवतो. भारतात ते २००० साली पंपांवरून गेलं. अमेरिकेत मोटारींसाठी १९९६ पासून बंदी आली. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी मोटारींच्या शिशाचं युग संपल्याचं जाहीर केलं. विमानं मात्र त्या हिशेबात नव्हती. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही मुख्यतः १००एलएल नावाचं निळसर पेट्रोल भरलं जातं. त्यातल्या ‘एलएल’चा अर्थ ‘कमी शिशाचं’ असा आहे, पण हा कमीपणा त्याआधीच्या, आणखी शिसं असलेल्या विमान-पेट्रोलच्या तुलनेतला. एका गॅलनमध्ये जास्तीत जास्त २.१२ ग्रॅम शिसं चालतं. सेसना १७२ तासाला साधारण साडेआठ गॅलन जाळते. म्हणजे कमाल मर्यादा धरली तर तासाला १८ ग्रॅम. कोलंबियाला जाऊन-येऊन तीस ग्रॅमच्या घरात. मोटारींतून शिसं गेल्यामुळे आज अमेरिकेच्या हवेत सोडल्या जाणाऱ्या शिशातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, या विमानांचा आहे.

शिसं घालण्यामागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जास्त दाबाच्या इंजिनात हलकं पेट्रोल वेळेआधी भडकतं, इंजिन ठोके देऊ लागतं आणि हवेत असताना ते फुटू शकतं. शिसं हे स्वस्तात थांबवतं. मोटारीचं इंजिन ठोके देऊ लागलं तर गाडी कडेला घेता येते; विमानाला कडा नसते. शिवाय विमानाचा प्रत्येक भाग आणि त्यात जाणारं इंधन दोन्ही प्रमाणित असावं लागतं, आणि इतक्या छोट्या बाजारासाठी नवं इंधन बनवायला मोठ्या तेल कंपन्या धावल्या नाहीत. १९९६ नंतरची दशकं अशीच गेली.

पण हेच कारण पूर्ण लावून बघितलं तर वेगळं चित्र दिसतं. उच्च दाबाची इंजिनं असलेली विमानं ताफ्यात साधारण ३० टक्के आहेत आणि ७० टक्के पेट्रोल तीच पितात. उरलेल्यांपैकी बऱ्याच विमानांना, त्यात आपली शनिवारची सेसना १७२ आली, ९४यूएल हे बिनशिशाचं पेट्रोल चालतं. म्हणजे कुटुंबाला घेऊन कोलंबियाला जाणाऱ्या माणसाला शिशाची तांत्रिक गरज बहुधा नसतेच. तो ते भरतो कारण बहुतेक छोट्या विमानतळांवर एकच टाकी असते आणि त्यात उच्च दाबाच्या इंजिनवाल्यांना लागणारं पेट्रोल असतं. दुसरी टाकी बसवायला पैसे लागतात आणि ते कोणी द्यायचे यावर सगळं अडतं.

आता रीड-हिलव्ह्यूबद्दल. हा विमानतळ बांधला तेव्हा भोवती फळबागा होत्या. काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, तो १९६१ मध्ये विकत घेतला आणि पुढे बागांच्या जागी वस्ती आली. आज एका बाजूला ईस्टरिज मॉल आणि बाकी कुंपणाला टेकलेली घरं, शाळा, मैदानं. राहणारे बहुतांश लॅटिनो आणि व्हिएतनामी कुटुंबांतले. आपली मंडळी सनीवेल, क्युपर्टिनो, फ्रीमॉन्ट, सॅन रॅमोनला राहतात आणि विमानासाठी इथे येतात. उडायचं एकाने आणि त्याखाली राहायचं दुसऱ्याने, अशी ही विभागणी कोणी मुद्दाम केलेली नाही. पण तिच्यामुळे आपल्याला या प्रश्नाची झळ लागत नाही, हेही खरं.

काउंटीने करवून घेतलेला अभ्यास ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर आला. विमानतळापासून दीड मैलाच्या आतल्या मुलांच्या रक्ततपासण्यांच्या जुन्या हजारो नोंदी त्यात तपासल्या होत्या. अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त. वारा ज्या दिशेला वाहतो त्या पूर्वेकडच्या मुलांत आणखी जास्त. विमानांची ये-जा वाढली की वाढतं, आणि २०२० मध्ये साथीमुळे उड्डाणं मंदावली तेव्हा उतरलेलं. त्या अहवालाने मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या शिसं मिसळलेल्या पाण्याशी तुलना केली आणि तिथून भांडण पेटलं.

पायलट संघटनांचं उत्तर असं: या मुलांच्या रक्तातलं सरासरी शिसं सरकारी संदर्भ-पातळीच्या खाली आहे, भोवतालची घरं जुनी, त्यांच्या भिंतींवर शिशाचा जुना रंग, जवळून हमरस्ते, मातीत जुन्या मोटारींचं शिसं. यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीही असू शकते. पण जुना रंग वाऱ्याची दिशा बघून मुलांच्या अंगात शिरत नाही, आणि महासाथीच्या टाळेबंदीत भिंतींनी रंग सोडणं थांबवलं नव्हतं. फरक लहान आहे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की तो तुमच्या मुलाचा असता तर लहान वाटला असता का. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये संदर्भ-पातळी रक्ताच्या डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली आणि मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही हे त्यांचं म्हणणं जुनंच आहे. फ्लिंटची तुलना मला भडक वाटते. ती काढून टाकली तरी बाकीचं उरतं.

या भांडणात एक गोष्ट कोणी नीट बोलत नाही. छोट्या विमानतळांच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या पत्रकांवर नेहमी कुटुंब असतं. आई, बाबा, कानांना मोठे हेडसेट लावलेली दोन मुलं, मागे विमान. पण या कुटुंबाचं विमान शनिवारी एकदा उडतं आणि शहर सोडून जातं. खालच्या वस्तीवर दिवसभर जे घिरट्या घालतं ते प्रशिक्षणाचं विमान. उडायचं, धावपट्टीला समांतर एक वळसा घालायचा, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचं. विद्यार्थ्याला उतरणं जमेपर्यंत हेच. त्याआधी धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून इंजिन जोरात फिरवून बघायचं, तेही वस्तीच्या कुंपणाजवळ. शिशाचा मोठा भाग या घिरट्यांतून आणि या उभ्या इंजिनांतून पडतो. शनिवारच्या कुटुंबाचा वाटा त्यामानाने थोडा. मग ते कुटुंब या सगळ्या धंद्याची ढाल का बनतं? फोटोत ते बरं दिसतं म्हणून. आपल्या फोटोचा असा वापर होऊ द्यायचा का, हे त्या कुटुंबाने ठरवायला हवं.

काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिन या आपल्या दोन्ही विमानतळांवर शिशाचं पेट्रोल विकणं बंद केलं. पायलट चिडले. त्यांचा संशय असा की शिसं हे निमित्त आहे, काउंटीला जमीन हवी आहे. १८० एकर सपाट जमीन, सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध, जिथे घर घ्यायला माणसाचं आयुष्य जातं. संशय निराधार नाही. काउंटीने केंद्रीय अनुदान घेणं आधीच थांबवलं होतं, म्हणजे जुन्या अनुदानांच्या अटी २०३१ मध्ये संपल्या की विमानतळ बंद करायला ती मोकळी. सांता मोनिकाचा विमानतळ २०२८ अखेर बंद करायची मुभा तिथल्या शहराने करार करून मिळवलीच आहे. शिवाय विमानतळाचे उपयोग खरे आहेत. १९८९ च्या भूकंपात वॉटसनव्हिलचे रस्ते तुटले तेव्हा याच छोट्या विमानांनी तिथे अन्न-औषधं पोचवली. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी रीड-हिलव्ह्यूवर विमानविद्या शिकतात. हे सगळं मान्य. पण सांगणाऱ्याचा हेतू वाईट आहे हे शिशाला उत्तर होत नाही. उलट, ज्याला जमीन हवी आहे त्याच्या हातात सर्वांत धारदार हत्यार कोणी दिलं? शिशाला चिकटून बसलेल्यांनीच. बिनशिशाचं पेट्रोल दहा वर्षं आधी विमानतळांवर आलं असतं, तर आज काउंटीकडे आवाजाची तक्रार उरली असती, आणि आवाजावरून विमानतळ बंद पाडणं फार अवघड असतं.

बिनशिशाच्या पेट्रोलच्या खोड्याही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर लेख एकतर्फी होईल. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ च्या उन्हाळ्यात आपला प्रशिक्षणाचा ताफा ९४यूएलवर नेला आणि काही महिन्यांतच व्हॉल्व्हच्या बैठका झिजताना दिसल्यावर परत शिशावर आणला. सगळ्या पिस्टन इंजिनांना चालेल असं जी१००यूएल हे पेट्रोल २०२२ मध्ये मंजूर झालं, २०२४ च्या अखेरीस रीड-हिलव्ह्यूवर मिळू लागलं, आणि मग रंग उडाल्याच्या, टाक्यांचं सीलंट खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. ज्याने आपली शिल्लक घालून विमान घेतलं आहे त्याला हे ऐकून धास्ती वाटणारच. त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही.

मात्र या धास्तीचं राजकारण काय झालं तेही बघा. केंद्रीय पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे म्हटलं की विमानांच्या शिशामुळे लोकांच्या आरोग्याला धोका आहे. सात महिन्यांनी संसदेने विमान वाहतुकीचा जो कायदा केला, त्यात तरतूद अशी की ज्या विमानतळांवर २०२२ मध्ये शिशाचं पेट्रोल मिळत होतं त्यांनी ते २०३० अखेरपर्यंत, किंवा मान्य पर्याय मिळेपर्यंत, विकत राहायचं. धोका आहे हे सरकारच्या एका हाताने लिहिलं आणि विक्री सक्तीची दुसऱ्या हाताने केली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी, २०२४ मध्ये, स्वतःचा कायदा करून १ जानेवारी २०३१ पासून विक्रीला बंदी घातली. म्हणजे तारीख ठरली आहे. आज कुंपणापलीकडे जन्मलेलं मूल तेव्हा शाळेत जात असेल. मेंदू ज्या वर्षांत घडतो ती वर्षं मधल्या काळातच निघून जातात.

या सहलींत घरच्यांच्या जिवाला धोका असतो, हा मुद्दा मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत छोट्या विमानांच्या एक लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. मोटारीपेक्षा हे कितीतरी वाईट. १९९९ मध्ये धाकटा जॉन केनेडी बायको आणि मेहुणीला घेऊन संध्याकाळी समुद्रावरून निघाला आणि अंधुक हवेत वर-खाली कुठे हेच न कळून कोसळला. त्यालाही एका घरच्या समारंभाला पोचायचं होतं. सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी कसंही परतायचं, या घाईने पायलट मरतात, सोबतची माणसंही मरतात. तरी हा धोका विमानात बसणाऱ्याने निदान दाराशी उभं राहून नाकारण्याची सोय असते. कुंपणापलीकडच्या मुलाला ती नाही. म्हणून मला पहिल्यापेक्षा दुसरा प्रश्न सार्वजनिक वाटतो.

आणि सार्वजनिक तो आणखी एका कारणाने आहे. हा छंद पायलट स्वतःच्या पैशाने करतो, हा समज अर्धाच खरा. विमानतळांच्या धावपट्ट्या, दिवे, डागडुजी यांचा मोठा भाग केंद्रीय निधीतून येतो. तो निधी मुख्यतः मोठ्या विमानांच्या प्रवाशांकडून भरतो: देशांतर्गत तिकिटावर साडेसात टक्के कर. छोट्या विमानाच्या पेट्रोलवर गॅलनमागे १९.४ सेंट. मनोऱ्यातून मिळणाऱ्या सूचना, हवामानाची माहिती, अडचणीत सापडल्यावर रडारवरून वाट दाखवणारा आवाज, यांचं वेगळं बिल छोट्या विमानाला येत नाही. हे असंच असावं असं माझं मत आहे. ते पैसे मागायला लागले तर लोक हवामान विचारायचं टाळतील आणि आणखी मरतील. पण सुट्टीला आईवडिलांकडे निघालेला, मधल्या सीटवर आखडून बसलेला माणूस जर आपल्या शनिवारच्या धावपट्टीचे पैसे भरत असेल, तर पेट्रोलमध्ये काय असावं हे विचारायचा त्याला हक्क आहे.

त्याच निधीतून दुसऱ्या टाक्यांचे पैसे द्यावेत. शिशाच्या पेट्रोलवर आजपासून चढता कर लावावा आणि तो बिनशिशाच्या पेट्रोलचा भाव खाली आणायला, कोणाच्या टाकीचं सीलंट गेलं तर त्याची भरपाई द्यायला वापरावा. घिरट्या घालणारी प्रशिक्षणाची विमानं सगळ्यांत आधी बदलावीत, कारण वस्तीवर तीच जास्त वेळ असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटेल, पण तितकं लांब नाही. वीकएंडला विमानाने कोकणात जाणारी कुटुंबं आपल्याकडे मूठभर असतील. प्रशिक्षणाच्या घिरट्या मात्र आहेत. बारामती, धुळे, गोंदियाजवळची बिरसी इथे पायलट घडतात आणि विमान कंपन्यांनी शेकडो नवी विमानं मागवल्यामुळे आणखी घडवावे लागतील. १००एलएल आपण बाहेरून आणत होतो. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवू लागलं आणि आत्मनिर्भरतेच्या बातम्यांत त्यातल्या शिशाचा उल्लेख कुठे फारसा दिसला नाही. दुसरीकडे आपल्याच देशातल्या काही प्रशिक्षण संस्थांकडे जेटच्या इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची विमानं आहेत, आणि त्या इंधनात शिसं नसतं. ती घेण्यामागे मुलांची काळजी नव्हती, पेट्रोलचा भाव होता. तरी परिणाम चांगलाच. पुढची विमानं मागवताना हेच निकष लेखी केले, तर अमेरिकेने जे तीस वर्षं रेंगाळवलं ते आपल्याला करावंच लागणार नाही. नव्या धावपट्टीच्या मंजुरीच्या कागदावर एक ओळ वाढेल.

इकडे मात्र रोजचा निर्णय पायलटच्याच हातात आहे, आणि त्याचा हिशेब अवघड नाही. कोलंबियाला जाऊन-येऊन पंधरा-सोळा गॅलन लागतात. बिनशिशाचं पेट्रोल गॅलनमागे दोन डॉलरने महाग पडलं तरी बत्तीस डॉलर. तीन माणसांत वाटले तर प्रत्येकी अकराच्या आत. कोलंबियात दुपारच्या जेवणानंतर मुलांना आइसक्रीम घेऊन द्यायलाही जवळपास तेवढेच लागतात, आणि ते आपण न विचारता देतो.